शेटजींची बैठक: सिंगापूरच्या ई हो हियान क्लबाचं प्रकरण

सिंगापूरच्या चायनाटाउनच्या कडेला बुकिट पासोह नावाचा चढावाचा रस्ता आहे. मलय भाषेत बुकिट म्हणजे टेकडी आणि पासोह म्हणजे मातीचं मोठं भांडं. कुंभारांच्या भट्ट्या कधीच गेल्या, नाव तेवढं राहिलं. आता या रस्त्यावर चिनी आडनावांच्या आणि गावांच्या संघटनांच्या पाट्या ओळीने दिसतात. त्यातली एक इमारत ‘ई हो हियान’ क्लबाची आहे. क्लबाची स्थापना 1895 ची. सभासद फुजियान प्रांतातून आलेले, होक्कियन बोली बोलणारे व्यापारी. बाहेरचे लोक याला लखपतींचा क्लब म्हणत, आणि ते खोटं नव्हतं.

नावाचा अर्थ साधा आहे. ई म्हणजे आनंद, हो म्हणजे सलोखा, हियान म्हणजे मंडप किंवा दालन. यातली पहिली दोन अक्षरं जार्डिन मॅथिसन या इंग्रज कंपनीच्या चिनी नावातही आहेत. याच कंपनीच्या जोडीने अफू-कापसाचा व्यापार करून आपले जमशेटजी जीजीभॉय मोठे झाले. यातून क्लबाचं त्या कंपनीशी नातं सिद्ध होत नाही, गंमत म्हणून सांगितलं.

या प्रकरणातला प्रश्न असा: जेवायला, पत्ते कुटायला आणि बाजारभावाच्या गप्पा मारायला काढलेली शेटजींची बैठक चाळीस वर्षांत एका मोठ्या युद्धाच्या मदतनिधीचं मुख्यालय कशी झाली? क्लबाच्या घटनेत तसं काही लिहिलेलं होतं म्हणून नक्कीच नाही. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. क्लबाची स्थापना दोनदा झाली. 1895 मध्ये जागा मिळाली आणि 1923 मध्ये दार उघडलं. पहिली पायरी गाळली असती तर दुसरीला काही अर्थ उरला नसता.

क्लबाआधीचं शहर

इंग्रजांनी 1819 मध्ये सिंगापूरचं ठाणं वसवलं आणि काही दशकांतच तिथे चिन्यांची बहुसंख्या झाली. पण ‘चिनी’ हा शब्द आपण लांबून वापरतो. गावात होक्कियन, तिओच्यू, कँटनी, हाक्का, हायनानी असे गट होते. होक्कियन माणसाचं बोलणं कँटनी माणसाला कळत नसे. शिकलेला असला तर कागदावर अक्षरं लिहून दाखवी, नाहीतर दोघेही बाजारी मलयवर भागवत. ज्याची बोली ज्या गटाची, त्याचा धंदा, देऊळ, स्मशान आणि भांडणंही त्याच गटात.

गटाची मोठी संस्था म्हणजे हुई-कुआन. मराठी वाचकाने मुंबईतल्या महाजनवाडीची आठवण ठेवली तर पुरेसं आहे: देऊळ, धर्मादाय, तंटे मिटवणं, बेवारस प्रेताचं बघणं. होक्कियन हुई-कुआनचा कारभार तेलोक आयर रस्त्यावरच्या थिआन होक केंग देवळातून चाले. समुद्रदेवी माझूचं हे देऊळ 1842 मध्ये पुरं झालं. तेव्हा समुद्र जवळजवळ देवळाच्या पायरीशी होता आणि जहाजातून उतरलेला माणूस आधी तिथे हात जोडी. हमाली करायला आलेल्या गरिबासाठी गाववाल्यांची खोली असे, गिरगाव-लालबागमध्ये कोकणातल्या गावकरी मंडळांच्या असत तशी. खुंटीला पिशवी, जमिनीवर पथारी, आणि कोण कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक.

मग शेटजींना आणखी क्लब कशाला हवा होता? देवळात पंचायत भरते, पण देवळात पाय पसरून बसता येत नाही. गोऱ्यांच्या क्लबात प्रवेश नाही. क्रिकेट क्लब 1852 चा, टँगलिन क्लब 1865 चा, दोन्ही युरोपियनांचे. जर्मन व्यापाऱ्यांनी तर 1856 मध्येच आपला ट्यूटोनिया क्लब काढला होता. (1914 मध्ये युद्ध पेटल्यावर शत्रूची मालमत्ता म्हणून तो जप्त झाला. पुढे त्याच वास्तूत गुडवुड पार्क हॉटेल आलं. परक्या देशात क्लब बांधणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.)

तिसरं कारण मला सगळ्यात वजनदार वाटतं. चिन्यांच्या गुप्त मंडळ्या एकेकाळी सरकारला चालत असत, कारण मजूर आणि मारामाऱ्या दोन्ही त्यांच्याच हातात होत्या. 1889 च्या कायद्याने त्या मोडीत काढल्या आणि 1890 पासून कुठल्याही मंडळीला नोंदणीशिवाय एकत्र बसणं अवघड झालं. ज्याच्याकडे गमावण्यासारखं काही आहे, त्याला आता नाव, पत्ता आणि कायदेशीर निमित्त असलेली जागा पाहिजे होती. करमणूक हे सगळ्यात निरुपद्रवी निमित्त. 1891 मध्ये चिनी वीकली एंटरटेनमेंट क्लब निघाला आणि चार वर्षांनी ई हो हियान. त्या भागातल्या एका गल्लीचं नावच क्लब स्ट्रीट पडलं. कायद्यामुळेच क्लब निघाले असं कुणी लिहून ठेवलेलं नाही. तारखा एकापुढे एक मांडल्यावर मला तसं दिसतं, इतकंच.

बैठकीत काय शिजतं

अशा क्लबात काय चाले हे सांगताना उगाच सोवळं नेसायला नको. खाणं, पिणं, जुगार, आणि त्या काळात अफूसुद्धा. अफू हिंदुस्थानातून यायची, तिच्या मक्त्यातून वसाहतीच्या तिजोरीत मोठी भर पडायची आणि मक्ता घेणारे बहुधा चिनी धनिकच असायचे. पाहुण्यापुढे चिलीम ठेवणं म्हणजे आपल्याकडे पानाचं तबक पुढे करण्यासारखं होतं.

पण या बैठकीतून धंद्याला लागणारी एक गोष्ट तयार होत होती, ती म्हणजे पत. सिंगापुरात चिनी मालकीची पहिली बँक 1903 मध्ये निघाली. त्याआधी पैसा उभा करायचा तर युरोपियन बँकेकडे मध्यस्थामार्फत जा, नाहीतर मार्केट स्ट्रीटवर पेटीसमोर मांडी घालून बसलेल्या नाट्टुकोट्टै चेट्टियारांकडे, म्हणजे तमिळ सावकारांकडे. दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच: तुमच्यासाठी शब्द कोण टाकणार? मिरी, गँबियर (चामडं कमवायला लागणारा कातासारखा अर्क), कथील, तांदूळ, अननस या सगळ्या मालांचे भाव जहाजाबरोबर वरखाली होत. अशा धंद्यात माणूस बुडायच्या आधी त्याची चाल बदलते. तो येईनासा होतो, नाहीतर जरा जास्तच मोठ्याने हसायला लागतो. हे हिशेबाच्या वहीत दिसत नाही, रोज रात्री एका टेबलाशी बसणाऱ्याला दिसतं. ज्याने भिशी चालवली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

त्यासाठी क्लब लहान आणि बंदिस्त असणं गरजेचं होतं. सगळे एका बोलीचे, गावाकडे एकमेकांची घरं माहीत असलेले. शब्द मोडला तर बातमी बोटीने फुजियानला पोचणार आणि मुलीचं लग्न अडणार. आज आपल्याला हा संकुचितपणा वाटेल. त्या काळी तेच तारण होतं.

पहिली अठ्ठावीस वर्षं मी भरभर ओलांडतो. रबराची तेजी आली. 1905 मध्ये गोह लू नावाचा क्लब निघाला, 1906 मध्ये चिनी व्यापारी मंडळ, त्यानंतर होक्कियन बँका. ई हो हियान आपला चालू होता.

1923: दार उघडलं

त्या वर्षी तान का की क्लबाचे अध्यक्ष झाले. जन्म 1874, फुजियानमधल्या जिमेई या मासेमारीच्या गावी. सोळाव्या वर्षी, 1890 मध्ये, वडिलांच्या तांदळाच्या पेढीवर सिंगापुरात आले. पुढे वडिलांचा धंदा बुडाला. ते कर्ज फेडण्याचं कायदेशीर बंधन मुलावर नव्हतं, तरी त्यांनी ते फेडलं. अननसाच्या डबाबंद मालातून पैसा केला, तो रबरात घातला आणि रबराने त्यांना मलायातल्या बड्या कारखानदारांत नेऊन बसवलं. पैसा आला तसा शाळांकडे गेला: 1913 पासून जिमेईच्या शाळा, 1919 मध्ये सिंगापुरात चायनीज हायस्कूल, 1921 मध्ये श्यामन विद्यापीठ. राहणी इतकी साधी की लोक त्यांच्या छत्रीची आणि जुन्या कोटाची चेष्टा करत.

लखपतींच्या क्लबाने असा माणूस वर का बसवला असेल? मला वाटतं, वडिलांचं ते फेडलेलं कर्ज. ज्या बैठकीचं सगळं भांडवल शब्द पाळण्यावर उभं, तिथे यापेक्षा मोठी शिफारस नाही.

त्यांच्या काळात झालेले बदल मोजके आहेत. होक्कियन नसलेल्या व्यापाऱ्यांनाही सभासदत्व खुलं झालं. वाचनालय आलं. 1925 मध्ये क्लब बुकिट पासोहवरच्या जागेत गेला. यातला पहिला बदल वाचायला सोपा आणि करायला महाकठीण. जुन्या सभासदाने म्हणायचं ते म्हटलंच असेल: आपली बोली सोडून दुसऱ्याच्या बोलीत विनोद काय सांगायचे? आपल्या मंडळांत ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न चहा थंड व्हायच्या आत येतो, त्यामुळे हा प्रसंग डोळ्यासमोर आणणं जड जाऊ नये.

वेळही बघण्यासारखी आहे. अठ्ठावीस वर्षांनी दार उघडलं तोवर आतल्यांचा एकमेकांवरचा विश्वास पिकलेला होता. 1895 मध्येच सगळ्या बोलींचा क्लब काढला असता तर तो वर्षभरात फुटला असता असा माझा अंदाज आहे, आणि दार कधीच उघडलं नसतं तर ई हो हियानही मूठभर म्हाताऱ्यांच्या पत्त्यांचा डाव होऊन राहिला असता.

पहिली कसोटी, 1928

मे 1928 मध्ये शांडोंग प्रांतातल्या जिनान शहरात जपानी सैन्य आणि चिनी सैन्य यांच्यात चकमकी झाल्या आणि हजारो चिनी मारले गेले. सिंगापुरात मदतनिधी उभा राहिला, अध्यक्ष तान का की. जमलेली रक्कम दहा लाख स्ट्रेट्स डॉलरच्या (सिंगापूर-मलायातलं तेव्हाचं चलन) वर गेली. शांडोंग हा कुणाही सभासदाचा प्रांत नव्हता, हे या निधीत मला मोठं वाटतं. आपल्या गावच्या देवळाला, धरणाला, शाळेला पैसे देणं सगळे करतात. बोली कळत नाही अशा उत्तरेकडच्या लोकांसाठी होक्कियन, तिओच्यू आणि कँटनी शेटजींनी एका पावतीपुस्तकावर पैसे द्यावेत, हे 1923 आधीच्या क्लबातून होणं कठीण होतं.

पुढच्याच वर्षी तान का की होक्कियन हुई-कुआनचेही प्रमुख झाले. म्हणजे वाडी आणि क्लब दोन्ही एका हाती. सोय झाली खरी, धोकाही झाला. त्याकडे शेवटी येतो.

दुसरी कसोटी, 1934

जागतिक मंदीत रबराचे भाव कोसळले. कर्ज देणाऱ्या बँकांनी 1931 मध्ये तान का की यांच्या पेढीची मर्यादित कंपनी करायला लावली आणि 1934 मध्ये ती गुंडाळली गेली. रबराच्या मळ्यांपासून बूट-बिस्किटांपर्यंत पसरलेला कारभार संपला.

लखपतींच्या क्लबाचा अध्यक्ष आता लखपती नव्हता. बहुतेक ठिकाणी अशा वेळी ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ राजीनामा येतो, आभाराचा ठराव होतो, शाल-श्रीफळ दिलं जातं. इथे तसं झालं नाही, तान का की अध्यक्षपदी राहिले. माझ्या लेखी या प्रकरणाचा मणका हा आहे. क्लबाने श्रीमंतीवर प्रवेश दिला होता, पण खुर्ची श्रीमंतीवर दिली नव्हती, हे त्या वर्षी सगळ्यांना कळलं. कदाचित सभासदांना स्वतःलाही तेव्हाच. आणि चार वर्षांनी सगळ्या दक्षिण समुद्रातल्या, म्हणजे आग्नेय आशियातल्या, चिन्यांकडे झोळी पसरायची वेळ आली, तेव्हा झोळी धरणाऱ्याचा स्वतःचा खिसा रिकामा होता. त्याच्यावर पैसे खाल्ल्याचा संशय घेणं लोकांना अवघड गेलं असणार.

1938: क्लबाची कचेरी झाली

जुलै 1937 मध्ये जपानने चीनवर उघड युद्ध लादलं. ऑगस्टमध्ये सिंगापूरची मदत समिती बनली. 10 ऑक्टोबर 1938 रोजी मलाया, डच इंडीज, फिलिपीन्स, सयाम, ब्रह्मदेश वगैरे ठिकाणांहून आलेल्या चिनी प्रतिनिधींची परिषद चायनीज हायस्कूलमध्ये भरली आणि सगळ्या मदत समित्यांचा एक महासंघ झाला. अध्यक्ष तान का की, मुख्यालय ई हो हियान क्लब.

कामाची रीत शिकण्यासारखी आहे. एकीची भाषा करूनही समितीतल्या जागा बोलीगटांप्रमाणेच वाटल्या. गट पुसून टाकायचा प्रयत्न केला नाही, उलट प्रत्येक गटाने आपापल्या माणसांत वर्गणी काढायची. होक्कियनांनी किती दिले हे तिओच्यूंना कळतं आणि तिओच्यूंची मान खाली जाता कामा नये, ही चुरस फुकटात कामाला लागली. महिन्याची ठरावीक वर्गणी, मालाच्या विक्रीवर स्वखुशीची पट्टी, कागदी फुलांची विक्री, नाटकांचे खेळ असे मार्ग होते. इंग्रज सरकारचं जपानशी अजून युद्ध नव्हतं, म्हणून हे सगळं ‘युद्धग्रस्तांना मदत’ या नावाखाली बसवावं लागे.

पैशापाठोपाठ माणसंही गेली. चीनचा समुद्रकिनारा जपान्यांनी अडवल्यावर रसद रंगूनहून रेल्वेने लाशिओपर्यंत आणि तिथून ब्रह्मदेश रस्त्याने कुनमिंगला जाऊ लागली. दऱ्याखोऱ्यांतून अकराशे किलोमीटरच्या वरचा हा रस्ता. ट्रक होते, चालवणारे आणि दुरुस्त करणारे नव्हते. महासंघाने हाक दिली आणि 1939 मध्ये तीन हजारांहून जास्त चालक आणि मेकॅनिक मलाया-सिंगापूर आणि आसपासच्या मुलखांतून तिकडे गेले. बॉम्बहल्ले, हिवताप आणि दरीत कोसळणारे ट्रक यांत त्यांतले कित्येक परतले नाहीत. हे सगळे कष्टकरी. क्लबाच्या टेबलाशी बसायची त्यांची ऐपत नव्हती, पण त्या छपराखालून गेलेल्या शब्दावर त्यांनी घर सोडलं.

दाराबाहेरचे

आता दुसरी बाजू. एकीचं चित्र मी रंगवलं तेवढं गुळगुळीत नव्हतं. टायगर बामची डबी मराठी घरांत अजून सापडते. तो बाम रंगूनहून सिंगापुरात आणणारे आव बून हाव हे हाक्का व्यापारी तान का की यांचे कट्टर प्रतिस्पर्धी. तान का की यांनी 1923 मध्ये नानयांग सिआंग पाऊ हे वर्तमानपत्र काढलं, आव यांनी 1929 मध्ये सिन च्यू जित पोह. दोघांचे दोन गोट. सिंगापुरातच जन्मलेल्या, इंग्रजी शिकलेल्या चिन्यांची संघटना 1900 पासून वेगळी होती आणि त्यांची निष्ठा ब्रिटिश राजाकडे. बायका या प्रकरणात मला जवळजवळ दिसतच नाहीत. शेटजींच्या बैठकीत त्यांना जागा नव्हती.

सगळी सूत्रं एका माणसाकडे असण्याचा धोका फेब्रुवारी 1942 मध्ये समोर आला. जपानी फौजा दाराशी आल्यावर तान का की यांना सुमात्रामार्गे जावाला निसटावं लागलं. 15 फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. मागे राहिलेल्यांवर सूड उगवला गेला: पुरुषांना रांगेत उभं करून निवडलं आणि हजारोंना मारलं, शिवाय मलाया-सिंगापूरच्या चिनी समाजावर पाच कोटी डॉलरची ‘भेट’ लादली. ती वसूल करण्यासाठी जपान्यांनी पुढे केलं ते वृद्ध डॉक्टर लिम बून केंग यांना, म्हणजे एकेकाळी तान का की यांच्याच विनंतीवरून श्यामन विद्यापीठ सांभाळायला गेलेल्या माणसाला. रक्कम पुरी जमली नाही. उरलेली योकोहामा स्पेशी बँकेकडून कर्ज काढून भरावी लागली. मदतनिधी आणि खंडणी दोन्ही त्याच समाजाच्या गल्ल्यातून गेली.

आपल्याकडची एक जोड आठवते. मुंबईत पारशी धनिक आणि वकिलांनी 1884 मध्ये रिपन क्लब काढला, संस्थापकांत फिरोजशहा मेहता आणि जमशेटजी टाटा. ताकद तेवढीच, किंबहुना जास्त. पण त्या समाजाला कामासाठी पंचायत होती, महापालिका होती, काँग्रेस होती, त्यामुळे क्लबावर क्लब राहण्यापलीकडे भार पडला नाही. आज त्याची कीर्ती बुधवारच्या धानसाकसाठी आहे. सिंगापूरच्या परदेशी चिन्यांना असे दुसरे चौक नव्हते, म्हणून सगळं ओझं एका बैठकीवर आलं. त्यामुळे ई हो हियानची नक्कल करू पाहणाऱ्या मंडळाने आधी आपल्याभोवती काय काय आहे ते मोजावं. आपण उलटं करतो: आधी घटना, मग बोधचिन्ह, मग कार्यकारिणीत भांडण, आणि बसायला जागा शेवटपर्यंत नाही.

युद्धानंतर तान का की परतले, पण त्यांचा ओढा नव्या चीनकडे होता. 1950 मध्ये ते कायमचे तिकडे गेले आणि 1961 मध्ये बीजिंगला वारले. एकेकाळी त्यांच्याच पेढीत नोकरी केलेले तान लार्क साय पुढे आले. त्यांनी 1953 मध्ये चिनी माध्यमाच्या नानयांग विद्यापीठाची कल्पना मांडली आणि स्वतःचे पन्नास लाख डॉलर देऊ केले. होक्कियन हुई-कुआनने 500 एकरांपेक्षा जास्त जमीन दिली, सायकलरिक्षावाल्यांनी दिवसाची कमाई दिली. रीत तीच, जुनी. पण पुढे समोर वसाहतीचा साहेब राहिला नाही, स्वतःचं सरकार आलं, आणि त्या सरकारशी राजकारणावरून बिनसल्यावर 1963 मध्ये तान लार्क साय यांचं नागरिकत्व काढून घेण्याची कारवाई सुरू झाली.

क्लब आजही चालू आहे. 1995 मध्ये, म्हणजे शंभराव्या वर्षी, जागेवर ऐतिहासिक स्थळ म्हणून पाटी लागली. 2008 पासून तळमजल्यावर पूर्वसूरींचं स्मृतिदालन आहे.